गोलकोंदचा चेक आर्किटेक्ट: आंतोनिन रेमंड, त्याची उसनवारी आणि त्याचे लुव्हर

प्रश्न थोडक्यात असा होता: पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमातलं 'गोलकोंद' हे वसतिगृह एका चेक आर्किटेक्टचं आहे असं वाचलं. तो माणूस कोण, त्याने आणखी काय बांधलं, आणि गोलकोंदसारखे भिंतभर लुव्हर (आडवी, फिरती पाती) रत्नागिरीकडच्या घराला लावले तर चालतील का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: चालतील, पण जसेच्या तसे नाहीत. त्यामागची कारणं त्या आर्किटेक्टच्या कामातच सापडतात, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

आंतोनिन रेमंडचा जन्म १० मे १८८८ चा, प्रागजवळच्या क्लाद्नो या कोळसा-पोलादाच्या गावातला. मूळ आडनाव राइमान. तेव्हा बोहेमिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडिलांचं दुकान बुडालं आणि कुटुंब प्रागला आलं. तिथल्या तंत्रशाळेत शिकून १९१० मध्ये तो त्रिएस्तेमार्गे न्यूयॉर्कला पोचला आणि कॅस गिल्बर्ट या आर्किटेक्टच्या ऑफिसात लागला. वूलवर्थ या गगनचुंबी इमारतीचं काम तेव्हा तिथे जोरात होतं, आणि रेमंडच्या वाट्याला तिच्या दर्शनी भागाचे टेराकोटाचे तपशील आले. आत पोलादी सांगाडा आणि बाहेर गॉथिक नक्षीचं आवरण, हा प्रकार त्याला मनापासून पटला नाही. त्याच ऑफिसात ब्रुकलिनमधल्या ऑस्टिन-निकल्स गोदामाचंही काम चालू होतं. ते आरसीसीचं, जवळपास नक्षीविरहित. त्याच्या पुढच्या कारकिर्दीकडे पाहिलं तर वूलवर्थपेक्षा हे गोदामच जास्त उपयोगी पडलेलं दिसतं.

१९१४ मध्ये इटलीहून परतताना बोटीवर त्याची नोएमी पेर्नेसँशी ओळख झाली आणि त्याच वर्षी लग्न झालं. नोएमीचं नाव पुढच्या प्रत्येक कामाला जोडूनच वाचायला हवं. कापड, फर्निचर, आतली रंगसंगती हे सगळं तिचं. जपानी छपाईचित्रांकडे आणि साध्या वस्तूंकडे त्याला वळवण्यातही तिचा मोठा हात होता. पुस्तकांमध्ये तिला 'पत्नी' म्हणून एका ओळीत उरकतात, ते बरोबर नाही.

१९१६ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला, आडनाव रेमंड केलं, आणि दोघं विस्कॉन्सिनला फ्रँक लॉइड राइट या नामवंत अमेरिकी आर्किटेक्टकडे, त्याच्या टॅलिएसिन या घर-स्टुडिओत राहिले. पहिल्या महायुद्धात त्याने अमेरिकी लष्करात काम केलं. नंतर राइटने टोकियोच्या इंपीरियल हॉटेलसाठी त्याला बरोबर घेतलं, आणि १९१९ च्या अगदी शेवटी तो जपानला पोचला. पण वर्षभरातच कंटाळला. राइटचं हॉटेल भव्य होतं, दगडी नक्षीने भरलेलं, पण जपानच्या हवेशी किंवा तिथल्या घरबांधणीशी त्याचं काही नातं नव्हतं असं रेमंडचं मत झालं. १९२१ च्या सुरुवातीला तो बाहेर पडला आणि टोकियोत स्वतःची कंपनी काढली.

इथून पुढे मी त्याच्याबद्दल जे म्हणणार आहे ते त्याच्या चाहत्यांना रुचत नाही. रेमंड आकार शोधणारा आर्किटेक्ट नव्हता. आकार तो उसने आणायचा, आणि ते लपवायची त्याला फारशी गरजही वाटली नाही. कंपनी सुरू केल्यावरची पहिली काही वर्षं राइटची छाप. मग ओग्युस्त पेरे. मग ल कॉर्बुझिए. हे दोघं फ्रान्समधले आधुनिक आर्किटेक्ट. त्याची खरी ताकद दुसरीकडे होती: उसना आणलेला आकार त्या त्या ठिकाणच्या सुताराच्या हातून, तिथल्या पावसात, तिथल्या भूकंपात कसा उभा राहील हे तो खिळ्यापर्यंत उतरून सोडवायचा. ते सोडवताना मूळ आकार इतका बदलायचा की शेवटी वस्तू त्याची होऊन जायची. ही पद्धत कळली की गोलकोंद समजायला सोपं जातं.

पहिलं ठळक उदाहरण म्हणजे टोकियोतल्या रेइनानझाका भागात त्याने स्वतःसाठी बांधलेलं घर. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतरचं हे काम. भिंती आरसीसीच्या, त्यावर गिलावा नाही; निवासी घरात काँक्रीट असं उघडं ठेवण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. पावसाचं पाणी उतरवायला पाइपाऐवजी साखळ्या लावल्या होत्या. ही जपानी रीत. साखळीवरून पाणी घरंगळत खाली येतं आणि पानांनी तुंबायला पाइपच नसतो. मात्र वारा जोराचा असेल तर पाणी साखळी सोडून भिंतीवर उडतं, म्हणून साखळी भिंतीपासून हातभर तरी पुढे, छताच्या बाहेर आलेल्या भागातून लटकवावी लागते. आपल्याकडे हौसेने भिंतीला चिकटवून साखळ्या लावतात आणि दोन पावसाळ्यांत भिंत हिरवी होते.

उघड्या काँक्रीटबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण त्याच्या सगळ्या कारकिर्दीत तो धागा आहे. गिलावा नसला की शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा, हाच शेवटचा हात. फळ्यांमधली फट दोन मिलिमीटर राहिली तरी तिथून सिमेंटचं दूध गळतं आणि शटरिंग काढल्यावर खडी उघडी पडलेली दिसते. त्याला आपण हनीकोंबिंग म्हणतो. कोरडी फळी काँक्रीटमधलं पाणी शोषते, म्हणून ओतण्याआधी फळ्या भिजवायच्या. नव्या आणि वापरलेल्या फळ्या एकाच भिंतीत मिसळायच्या नाहीत, नाहीतर रंगात पट्टे येतात. आजचं काम कुठे थांबणार ती रेषा आधी ठरवायची आणि तिथे पट्टी ठोकून खाच घ्यायची, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा सांधा मुद्दाम केल्यासारखा सरळ दिसतो. जपानी सुतार फळी रंधून, सांधा जुळवून लावायचे. त्यांच्यासाठी शटरिंग हे सुतारकामच होतं. रेमंडचं काँक्रीट इतकं स्वच्छ उतरलं त्याचं बरंचसं श्रेय त्या सुतारांचं.

पेरेचा प्रभाव आला तो बेदर्शिख फॉयरस्टाइनमार्फत. हा दुसरा चेक आर्किटेक्ट पॅरिसमध्ये पेरेकडे काम करून १९२६ मध्ये टोकियोला रेमंडच्या ऑफिसात आला. योकोहामाची रायझिंग सन पेट्रोलियम कंपनीची इमारत (१९२९) या दोघांच्या काळातली. यान श्वाग्र हा तिसरा चेकही त्याच ऑफिसात होता, आणि रेमंड स्वतः टोकियोत चेकोस्लोव्हाकियाचा मानद कॉन्सुल होता. म्हणजे कागदावर अमेरिकन, कामाला जपानमध्ये, आणि ऑफिसात चेक बोलणं. टोकियो महिला ख्रिस्ती महाविद्यालयाचं १९३८ मध्ये पूर्ण झालेलं चॅपल पाहिलं की पेरेचं १९२३ चं ल रँसीचं चर्च सरळ ओळखू येतं: तसाच टॉवर, तशाच काँक्रीटच्या जाळीच्या भिंती, त्यात रंगीत काचा.

कॉर्बुझिएच्या बाबतीत प्रकरण जास्त तापलं. करुइझावा हे टोकियोपासून दूर डोंगरावरचं थंड हवेचं गाव. तिथे रेमंडने १९३३ मध्ये स्वतःसाठी उन्हाळी घर आणि स्टुडिओ बांधला. आत वर जाणारा रॅम्प (उतरणीची वाट) आणि मधोमध खोलगट, दोन्हीकडे वर उचललेलं छप्पर. ही मांडणी कॉर्बुझिएने चिलीतल्या एर्राझुरिझ घरासाठी १९३० मध्ये काढली होती, पण ते घर कधी बांधलंच गेलं नाही. कॉर्बुझिएने छापील तक्रार केली, पत्रव्यवहार झाला, आणि अखेर प्रकरण गोडीने मिटलं. नक्कल होती यात वाद नाही. पण चिलीच्या आराखड्यात दगडी भिंती होत्या. रेमंडने तेच लाकडी खांबांवर उभं केलं आणि छपराच्या पत्र्यावर लार्च या सूचिपर्णी झाडाच्या काटक्या अंथरल्या, म्हणजे पावसाचा आवाज आणि उन्हाचा ताप दोन्ही कमी. इथे एक इशारा: असं मधोमध उतरणारं छप्पर दिसायला देखणं, पण सगळं पाणी घराच्या मध्यावर आणतं. पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर सांडत नाही, थेट खोलीत येतं. जास्त पावसाच्या गावात हा आकार घ्यायचा असेल तर पन्हळीला दोन स्वतंत्र निचरे आणि वरून एक जादा सांडवा ठेवल्याशिवाय हात घालू नये.

ते घर आजही करुइझावातच आहे, जागा बदलून, संग्रहालय म्हणून.

जपानी लाकडी घराकडून त्याने एक गोष्ट अशी उचलली जी मला त्याच्या सगळ्या उसनवारीत सर्वांत मोलाची वाटते. सरकती दारं खांबांच्या मधल्या गाळ्यात न बसवता खांबांच्या रेषेच्या बाहेर, स्वतंत्र खोबणीत घ्यायची. खांब खोलीत मोकळा उभा राहतो आणि दारं त्याच्या पुढून एका टोकाला सरकवून ठेवता येतात. बाजू पूर्ण उघडते. दार खांबांच्या मध्ये बसवलं तर दर गाळ्यात अर्धी जागा कायम झाकलेलीच राहते. शिवाय भूकंपात खांब थोडा हलला तरी दाराची चौकट आवळत नाही. ओझं उचलणारा सांगाडा वेगळा आणि हवा-प्रकाश सांभाळणारी कातडी वेगळी, हे तो न्यूयॉर्कमध्ये आराखड्यांतून शिकला असेल, पण ते सुताराच्या खोबणीपर्यंत त्याने जपानमध्ये आणलं. त्या ऑफिसात तेव्हा कोण होतं तेही पाहा: कुनिओ माएकावा, जुंझो योशिमुरा, जॉर्ज नाकाशिमा. युद्धानंतरच्या जपानी वास्तुकलेतली पहिल्या फळीची नावं या एका ड्रॉइंग-हॉलमधून बाहेर पडली.

आता गोलकोंद. आश्रमातले पवित्र, म्हणजे मूळचे फ्रेंच इंजिनियर फिलिप सँ-इलेर, १९२० च्या दशकात जपानमध्ये होते आणि रेमंडला ओळखत होते. त्या ओळखीतून साधकांसाठी वसतिगृह बांधायचं काम आलं. पैसे हैदराबादहून आले: निजामाचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्या पुढाकाराने एक लाख रुपये मिळाले, आणि त्याची आठवण म्हणून आश्रमाच्या प्रमुख श्रीमाताजींनी हैदराबादच्या किल्ल्याचं नाव फ्रेंच वळणाने दिलं.

नाकाशिमा आधी पुदुच्चेरीला गेला, जागेची पाहणी केली आणि एकास दहा प्रमाणाचं मॉडेल बनवलं. कामाला तो इतका रमला की आश्रमाचा साधकच झाला. 'सुंदरानंद' हे त्याला मिळालेलं नाव. फ्रांतिशेक साम्मर हा प्लझेनचा चेक तरुण, आधी पॅरिसला कॉर्बुझिएकडे, मग मॉस्कोत, मग टोकियोला रेमंडकडे आणि तिथून पुदुच्चेरीला. १९३८ मध्ये रेमंड पती-पत्नी स्वतः काही महिने राहिले आणि मग अमेरिकेला निघून गेले. साम्मर १९४२ पर्यंत काम सांभाळत होता. म्हणून 'रेमंडने गोलकोंद बांधलं' हे अर्धंच खरं आहे. संकल्पना आणि मुख्य तपशील त्याचे. रोज उन्हात उभं राहून ते उतरवणारे नाकाशिमा, साम्मर आणि आश्रमाची माणसं. त्यातले बहुतेक जण बांधकामात नवखे होते. ठेकेदार नव्हता, मुदत नव्हती. असं काम कुठल्याही आर्किटेक्टला पुन्हा मिळत नाही, आणि गोलकोंदची नक्कल करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं: तिथे बिघडलेली वस्तू परत करायला वेळ होता.

'भारतातली पहिली आरसीसी इमारत' असं गोलकोंदबद्दल सर्रास लिहिलं जातं. हे विसरा. मुंबईत त्याच्या कितीतरी आधीपासून आरसीसी होतं, आणि गोलकोंदचं काम चालू असतानाच मरीन ड्राइव्हवरच्या इमारती उभ्या राहत होत्या. फरक असा की त्या इमारतींत आरसीसीचा सांगाडा गिलाव्याखाली होता. गोलकोंदमध्ये काँक्रीट उघडं आहे, आणि सगळी रचना हवा आणि ऊन या दोन गोष्टींवरून ठरलेली आहे. पहिलेपणाचा मान द्यायचा असेल तर त्यासाठी द्यावा.

इमारत लांबट आणि अरुंद, पूर्व-पश्चिम पसरलेली, म्हणजे लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला. दोन पंख एकमेकांपासून जरा सरकवलेले, जोडाशी जिना आणि सेवा. उत्तरेच्या बाजूने व्हरांडा, दक्षिणेला खोल्या. दोन्ही लांब बाजूंना भिंत अशी नाहीच: जमिनीपासून छतापर्यंत आडवी, फिरती पाती. ती अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटची. खोली आणि व्हरांडा यांच्यामध्ये सागवानी पट्ट्यांची सरकती दारं. पट्ट्या दोन थरांत अशा आडपडद्याने बसवलेल्या की हवा आरपार जाते, नजर जात नाही. सगळं इथेच आहे. एकाच बाजूला लुव्हर लावून दुसऱ्या बाजूला बंद दार ठेवलं तर खोलीत वारा येतच नाही, कारण हवेला बाहेर पडायला वाट नसते. गोलकोंदमध्ये वारा बागेतून आत शिरतो, पात्यांतून, दाराच्या पट्ट्यांतून, व्हरांड्यातून आणि पुन्हा पात्यांतून पलीकडे निघतो. माणूस दार लावून झोपला तरीही.

दोन्ही बाजूंना पाती का, उत्तरेला ऊन कुठे येतं, असं पुष्कळांना वाटतं. आकडे पाहू. पुदुच्चेरी साधारण १२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. शून्य सावलीचा दिवस तिथे एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. मधले चार महिने दुपारचा सूर्य उत्तरेच्या अंगाला असतो. २१ जूनला भर दुपारी उत्तरेकडे सुमारे ७८ अंश उंचीवर. उलट २२ डिसेंबरला तो दक्षिणेला सुमारे ५५ अंशांपर्यंत उतरतो. ५५ अंशाच्या उन्हात एक मीटर पुढे आलेला छज्जा खाली सुमारे १.४ मीटर सावली देतो. म्हणजे तीन मीटर उंच उघडी बाजू पूर्ण झाकायला दोन मीटरच्या वर छज्जा लागेल. एवढा छज्जा परवडत नाही आणि उजेडही खातो. पात्यांची कल्पना म्हणजे हाच एक छज्जा तुकडे करून उंचीभर वाटून टाकणं. हिशोब सोपा आहे: आडव्या ठेवलेल्या दोन पात्यांमधलं अंतर भागिले पात्याची रुंदी हे १.४ पेक्षा कमी असलं की डिसेंबरच्या दुपारीही ऊन आत येत नाही. २० सेंटिमीटर रुंद पाती २० सेंटिमीटर अंतरावर ठेवली तर गुणोत्तर १. हाताशी भरपूर राखीव राहतं. सकाळ-संध्याकाळचं खालचं ऊन येतं पूर्व-पश्चिमेकडून, तिथे इमारतीची अरुंद टोकं आहेत.

छप्पर दुहेरी. खाली आरसीसी स्लॅब, त्यावर आधी ओतून घेतलेल्या पातळ, वळणदार काँक्रीट टाइल्स, मध्ये पोकळी. ऊन वरच्या कवचावर पडतं, तापलेली हवा पोकळीतून निघून जाते आणि स्लॅब सावलीत राहतो. आपल्याकडे आता गच्चीवर पत्र्याची शेड टाकतात तेही हेच काम करतं, फक्त पोकळीची दोन्ही टोकं उघडी हवीत. टोकं बंद केली की तो निव्वळ गरम हवेचा डबा होतो.

आतला भाग अगदी मोजका: काळ्या कडप्प्याची घोटीव फरशी, शिंपल्यांच्या चुन्याचा गुळगुळीत गिलावा, लाकडी पलंग, टेबल, खुर्ची. बिजागऱ्या, कड्या आणि पाती फिरवायच्या दांड्या पितळी. त्यासाठी आश्रमातल्यांनी दिलेली पितळी भांडी वितळवून ओतकाम केलं. समुद्राकाठी हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. खाऱ्या हवेत लोखंडी बिजागरी चार-पाच वर्षांत फुगते. पितळ काळं पडतं पण फिरत राहतं.

गोलकोंदनंतर रेमंडने पेनसिल्व्हेनियात न्यू होपजवळ शेत घेतलं आणि जुन्या घराला स्टुडिओ जोडला. युद्धकाळात नाकाशिमा इतर जपानी वंशाच्या अमेरिकनांबरोबर छावणीत डांबला गेला होता. १९४३ मध्ये रेमंडने जामीन राहून त्याला सोडवलं. नाकाशिमा न्यू होपलाच स्थायिक झाला आणि लाकडी फर्निचरसाठी जगभर नावाजला. त्याच १९४३ सालातलं दुसरं काम मात्र गिळायला कठीण आहे. यूटाच्या वाळवंटात डगवे इथे अमेरिकी लष्कराला आगलावे बाँब तपासायला जपानी कामगारांची घरं हुबेहूब हवी होती. जपानी घर आतून-बाहेरून माहीत असलेला आर्किटेक्ट म्हणून रेमंडला बोलावलं. लाकडाची जात, भिंतींची जाडी, आतल्या तातामी चटया, सगळं जुळवून ती घरं न्यू जर्सीत भाग भाग करून बनवली आणि यूटात उभारली. ती जाळली, पुन्हा उभी केली, पुन्हा जाळली. मार्च १९४५ मध्ये टोकियो जळलं ते इथेच तपासलेल्या बाँबच्या जातीने. ज्या कौशल्याने त्याने करुइझावाचं घर बांधलं तेच इथेही वापरलं गेलं. त्याची चरित्रं या जागी चटकन पुढे सरकतात; सरकू नये.

१९४५ नंतर लादिस्लाव रादो या चेक आर्किटेक्टबरोबर त्याची भागीदारी झाली, आणि १९४७-४८ मध्ये तो जपानला परतला. टोकियोतली रीडर्स डायजेस्टची इमारत (१९५१) तेव्हा फार गाजली. मधल्या खांबांच्या ओळीवरून दोन्ही बाजूंना स्लॅब पुढे काढलेले, बाहेर सगळी काच. संरचनेचा अभियंता पॉल वायडलिंगर, बाग इसामु नोगुची या शिल्पकाराची. भूकंपात ही टिकेल का यावर जपानी अभियंत्यांनी जाहीर वाद घातला. भूकंपाने काही केलं नाही. १९६३ मध्ये जमिनीच्या भावाने पाडली.

१९५१ मध्येच टोकियोच्या अझाबू भागात त्याने स्वतःचं घर-ऑफिस बांधलं, आणि माझ्या मते युद्धानंतरचं त्याचं सर्वांत शहाणं काम हे. लाकूड महाग आणि दुर्मीळ होतं, म्हणून साल काढलेले गोल वासे तसेच वापरले, जे एरवी परांचीला लागतात. कैचीत एक वासा मधोमध चिरून त्याचे दोन भाग खांबाच्या दोन बाजूंनी चिमट्यासारखे धरायचे आणि आरपार बोल्ट मारायचा. खाच खोल कापावी लागत नाही, म्हणून बारीक लाकूडही चालतं. मूळ घर आता नाही. पण ताकासाकीतल्या फुसाइचिरो इनोउए या उद्योजकाने ते मोजून १९५२ मध्ये आपल्या गावी तसंच बांधून घेतलं, ते शिल्लक आहे. नक्कल करणाऱ्याचीच नक्कल झाली म्हणा. त्याच ताकासाकीत, इनोउएच्याच पुढाकाराने आणि नागरिकांच्या वर्गणीतून, गुन्मा म्युझिक सेंटर १९६१ मध्ये उभं राहिलं. सुमारे दोन हजार आसनांचं सभागृह, मध्ये एकही खांब नाही. भिंत आणि छप्पर घड्यांच्या काँक्रीट पट्ट्यांचं. कागदी पंख्याला घड्या असतात म्हणून तो वाकत नाही, तसं पातळ काँक्रीटला घडीची उंची बीमचं बळ देते. यात बिघडतं ते घडीच्या दरीत: पाणी तिथेच साठतं, वॉटरप्रूफिंग तिथेच फाटतं. नागोयाचं नान्झान विद्यापीठ (१९६४) हे त्याचं शेवटचं मोठं काम. १९७३ मध्ये तो अमेरिकेला परतला आणि १९७६ मध्ये वारला. टोकियोतलं त्याचं ऑफिस अजून चालू आहे.

आता रत्नागिरीचं घर. उन्हाचा हिशोब थोडा बदलतो: १७ अंश अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य सुमारे ४९.५ अंशांवर, म्हणून अंतर आणि रुंदीचं गुणोत्तर १.१ च्या आत ठेवा. दमट हवा, दिवस-रात्रीच्या तापमानात कमी फरक, हे पुदुच्चेरीसारखंच. म्हणून वारा अंगावरून जाण्याचं तत्त्व तुमच्याकडे लागू पडतं. हेच घर अकोल्यात असतं तर मी नको म्हटलं असतं, कारण कोरड्या उन्हाळ्यात दिवसा खिडक्या बंद ठेवून रात्री उघडणं हेच योग्य.

खरा फरक पावसाचा. पुदुच्चेरीला वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर, तोही मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर. तुमच्याकडे तीन हजाराच्या पुढे, चार महिन्यांत, आणि नैर्ऋत्येकडून तिरका. बंद पात्यांमधूनही फवारा आत येणार. म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजूला पात्यांवर किमान १.२ मीटरचा छज्जा किंवा पडवी घ्या, आणि पात्यांच्या आत काचेची किंवा लाकडी सरकती झडप ठेवा, वेगळ्या खोबणीत. बंद केल्यावर वरच्या पात्याची बाहेरची कड खालच्या पात्याच्या पुढे किमान ३० मिलिमीटर उतरली पाहिजे. जमिनीपर्यंत पाती नेऊ नका. खाली ४५० मिलिमीटरचा चिऱ्याचा कठडा बांधा, नाहीतर अंगणातलं उसळणारं पाणी आणि लाल माती आत.

अ‍ॅस्बेस्टॉस वापरू नका, जुना पत्रा फुकट मिळाला तरी कापू नका. त्याची धूळ फुफ्फुसात जाते. अ‍ॅस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंट किंवा जुनं सागवान घ्या. पात्याची लांबी ९०० मिलिमीटरच्या आत ठेवा; लांब पातं मधे झोळतं आणि मग सगळी ओळ अडकते. फिरण्याची खीळ पितळी बुशात किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत पितळ थेट टेकवू नका, मधे नायलॉनचा वॉशर हवाच. डासांची जाळी पात्यांवर ठोकलीत तर वारा निम्म्यावर येईल, म्हणून तीही आतल्या सरकत्या चौकटीत घ्या आणि गरज असेल तेव्हाच ओढा.

काँक्रीट उघडं ठेवायचं असेल तर किनाऱ्यासाठी आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक काय सांगतं ते पाळा: किमान एम-३० ग्रेडचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचा थर). अंगावर थेट खारे तुषार येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवायला मिस्त्री विसरतो, ती शटरिंगमध्येच पट्टी ठोकून घ्या.

सगळ्या घराची ऑर्डर देण्याआधी एकाच खोलीचा एक गाळा पूर्ण आकारात, छज्ज्यासकट, बसवून घ्या आणि जून-जुलै जाऊ द्या. पाणी कुठून शिरतं ते आतल्या फरशीवरच्या ओलीवरून कळेल. त्याप्रमाणे पात्याचा उतार आणि कडेचा उतरता भाग बदला, मगच बाकीची कापायला द्या.